वस्तीतील बार, ध्वनिमुद्रित संगीत आणि ते वाजवणारा : वसईच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

'डीजे' हा शब्द मराठीत रुळला तो मूळ अर्थ गमावून. 'डिस्क जॉकी' या इंग्रजी संज्ञेचे हे लघुरूप माणसाचे वाचक आहे. ध्वनिमुद्रिका निवडणारा, त्या एकामागून एक वाजवणारा आणि ऐकणाऱ्यांना धरून ठेवणारा, असा त्याचा अर्थ. मराठी बोलण्यात मात्र 'हळदीला डीजे लावला', 'यंदा डीजेमुक्त मिरवणूक' अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. येथे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांची भिंत. माणूस भाषेतून गळाला आणि यंत्र उरले. व्यावसायिक ध्वनियंत्रणाधारकांच्या संघटनेने विसर्जन मिरवणुकांतील निर्बंधांविरुद्ध उच्च न्यायालयाकडे धाव घेतली असता २०१८ च्या सप्टेंबरमध्ये अंतरिम दिलासा नाकारण्यात आला. त्या काळातील सार्वजनिक चर्चाही याच यंत्राविषयी होती.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या शब्दातून हरवलेला माणूस हा आहे. तोही मिरवणुकीतला किंवा पंचतारांकित हॉटेलातला नव्हे, तर वस्तीतल्या लहान बारमध्ये रात्री चार-पाच तास गाणी वाजवणारा. त्याचे काम नेमके काय असते, त्याच्या कामाचा आवाज भिंतीपलीकडे कसा पोहोचतो आणि हे काम कायद्याच्या कोणकोणत्या चौकटींत बसते, याचा विचार येथे वसईच्या पार्श्वभूमीवर केला आहे.

वसईची ध्वनिभूमी

वसईला नाद नवा नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांनी जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत येथील चर्चमध्ये घंटा बसवल्या गेल्या. विजयानंतर त्यांतील काही देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील आणि भीमाशंकरची घंटा ही त्यांची ठळक उदाहरणे. गावभर ऐकू जाणारा आवाज कोणाचा आणि तो कोणी ऐकून घ्यायचा, हा प्रश्न तेव्हाही सत्तेशी जोडलेला होता, असे या घंटांच्या प्रवासावरून म्हणता येईल.

वसईच्या सामवेदी, वाडवळ, कोळी आणि ईस्ट इंडियन समाजांची लग्नगीते, ख्रिस्ती विवाहातील पितळी वाद्यांचे बँड, चर्चमधील समूहगायन या परंपरा सुपरिचित आहेत. या पट्ट्यातील समारंभाला वाजवणारा माणूस लागतोच. त्याशिवाय समारंभ झाला असे कोणी मानत नाही. म्हणून येथे ध्वनिमुद्रित संगीत वाजवणारा आला तो रिकाम्या जागेत नव्हे, तर बँडवाल्याच्या शेजारी.

दुसरीकडे वसईची वस्ती झपाट्याने बदलली. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. २०१४ साली पालघर जिल्हा निर्माण झाला आणि २०२० साली मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले. केळीच्या वाड्या आणि बावखले यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यांची रचना ठरलेली असते. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेले गाळे, वर सदनिका. औषधाचे दुकान, पोळीभाजी केंद्र, मोबाइल दुरुस्ती आणि बार एकाच ओळीत. या लेखातील पुढचे बहुतेक प्रश्न या एका वास्तुरचनेतून निघतात.

रात्रीचा क्रम

बारमधील रात्रीचे वेळापत्रक पश्चिम रेल्वे ठरवते. संध्याकाळी कामावरून सुटलेला, विरार लोकलमध्ये तासभर उभा राहून आलेला माणूस आठच्या सुमारास टेबलाशी बसतो तेव्हा त्याला गाणे ऐकायचे नसते, बोलायचे असते. या वेळी वाजवणाऱ्याचे काम संभाषणाखाली अंथरूण घालण्याचे. किशोरकुमार, जुन्या गझला, फारसा ठोका नसलेली गीते. आवाज एवढाच की शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकू येऊ नये आणि आपले ऐकू यावे. हा तोल साधणे हे बाहेरून दिसते त्यापेक्षा कठीण कौशल्य आहे. मोठा आवाज कोणालाही करता येतो.

साडेनऊनंतर चिठ्ठ्या येऊ लागतात. वेटरमार्फत आलेल्या कागदाच्या तुकड्यावर किंवा थेट मोबाइलच्या पडद्यावर गाण्याचे नाव. फर्माईश हा या व्यवसायाचा खरा कस होय. एका टेबलाला कोळीगीत हवे, दुसऱ्याला पंजाबी, तिसऱ्याला भोजपुरी, कारण वसईची वस्तीच तशी झाली आहे; आणि चौथा तेच गाणे तिसऱ्यांदा मागत असतो. प्रत्येकाला हो म्हणणारा वाजवणारा रात्र विस्कटवतो आणि प्रत्येकाला नाही म्हणणारा दुसऱ्या आठवड्यात बोलावला जात नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'त अमीन सयानी यांनी श्रोत्यांच्या पत्रांना क्रम आणि निवेदन देऊन जे साधले, त्याचेच हे समोरासमोरचे, उत्तराला अर्धा मिनिटही न देणारे रूप आहे.

मालकाची अपेक्षा आणखी वेगळी. त्याच्या लेखी गाणे हे बिलाच्या मागे उभे असते. ठेका वाढला की लोक नाचतात आणि पिणे थांबते. ठेका उतरला की बसतात आणि मागवतात. अनुभवी वाजवणारा दर तीन-चार गाण्यांनंतर मुद्दाम एक उतार ठेवतो. ग्राहकांच्या हे लक्षात येत नाही.

दोन गाण्यांचा सांधा

या कलेचे मर्म दोन गाण्यांच्या सांध्यात आहे. पहिले गाणे संपण्यापूर्वी दुसरे कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात सुरू करायचे, दोहोंचे ठोके जुळवायचे आणि ऐकणाऱ्याच्या पायाला कळू न देता एकावरून दुसऱ्यावर जायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो याने हे तंत्र नावारूपाला आणले. तेथीलच ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी, जमैकात जन्मलेल्या कूल हर्क याने एका निवासी इमारतीच्या सामाईक खोलीत वाजवलेली रात्र हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. वस्ती, इमारत आणि तळाची खोली हे नाते तेथेही होते, ही नोंद वसईच्या संदर्भात अस्थानी ठरू नये.

ठोका मिनिटाला किती, यावर सगळे गणित असते. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या गाण्यानंतर १०० ठोक्यांचे गाणे घ्यायचे तर पहिले सुमारे चार टक्क्यांनी वाढवावे लागते. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेली टेक्निक्स एसएल-१२०० ही तबकडी या कामासाठी प्रसिद्ध झाली. तिच्या नंतरच्या आवृत्तीत सरकपट्टीने वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येई. मात्र तबकडीवर वेग वाढला की सूरही चढतो. सुमारे सहा टक्के वेग वाढवला तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये जाते. पेटीवर बसणाऱ्याला ही अडचण चटकन समजेल. संगणकीय यंत्रांनी सूर स्थिर ठेवून केवळ लय बदलण्याची सोय केली आणि ही कसरत सोपी झाली.

तरीही हिंदी-मराठी संगीतात यंत्र अडखळते. जुनी चित्रपटगीते शंभर-शंभर वादकांनी एकत्र बसून, समोरच्या संगीत संयोजकाच्या हाताकडे पाहत वाजवलेली आहेत. त्या संयोजनात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांसारख्या गोमंतकीय कलावंतांचा वाटा मोठा होता आणि त्यांतील अनेक जण मुंबईतील हॉटेलांच्या जॅझ वाद्यवृंदांतून आलेले होते. माणसांनी वाजवलेली लय श्वास घेते. अंतऱ्यात किंचित पुढे सरकते, मुखड्यावर परतताना थबकते. संगणक अशा गाण्याला एकच आकडा चिकटवतो आणि विसाव्या सेकंदाला सांधा फाटतो. तेथे वाजवणाऱ्याला बोट चक्रावर ठेवून, कानाने, गाणे मागेपुढे ढकलत न्यावे लागते.

दुसरी अडचण तालाची. केहरव्याच्या आठ मात्रा पाश्चात्त्य चार ठोक्यांच्या चौकटीत सहज बसतात. दादऱ्याच्या अंगाने, सहा मात्रांत हेलकावणारी गीते बसत नाहीत. आणि वसईच्या बारमध्ये कोळीगीतांची फर्माईश न येणे अशक्य. सहांवरून आठांवर जाताना कोणतीही सरकपट्टी कामी येत नाही. मग ढोलकीचा एखादा तुकडा, टाळ्या, माइकवरून एक आरोळी किंवा चक्क क्षणभर शांतता, असा पूल बांधावा लागतो. सम कोठे आहे हे ज्याला कळते त्यालाच तो बांधता येतो. ज्याला आपण 'बटणे दाबणारा' म्हणून सोडून देतो, त्याच्याकडे तालाचे हे ज्ञान असते. त्याने ते बहुधा लग्नाच्या बँडमागे चालताना मिळवलेले असते, त्याला प्रमाणपत्र नसते.

भिंतीपलीकडचा आवाज

आता वरच्या मजल्याकडे वळू. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते ६. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, वाणिज्य क्षेत्रासाठी अनुक्रमे ६५ आणि ५५ अशी मर्यादा आहे. रात्री ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी असून सभागृहे, मेजवानीची दालने यांसारख्या बंदिस्त जागांतील अंतर्गत वापर तीतून वगळला आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये, अशीही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या शांततेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर विस्तृत आदेश देऊन त्याची अंमलबजावणी राज्य यंत्रणेवर सोपवली.

एवढे स्पष्ट नियम असताना तक्रारदार आणि बारमालक दोघेही प्रामाणिकपणे परस्परविरोधी बोलतात, हे कसे? याचे उत्तर मोजमापात आहे. नियमांतील डेसिबल 'ए' मापश्रेणीतले आहेत. ही श्रेणी मानवी कानाच्या संवेदनेला अनुसरून खर्ज स्वरांना कमी वजन देते. सेकंदाला ५० कंपने असलेल्या स्वराच्या मोजणीतून ती सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणजे शयनगृहात ७० डेसिबलचा असा घुमारा पोहोचत असेल तर मापकावर त्याची नोंद ४० च्या आसपास होते, रात्रीच्या मर्यादेच्या आत. पण ५० कंपनांचा स्वर कानाला ऐकू येऊ लागतो तो साधारण ४४ डेसिबलपासून. ७० डेसिबलचा ठोका निजलेल्या माणसाला छातीत जाणवतो.

त्यात भिंतीचे वर्तन भर घालते. भिंत जितकी जड आणि स्वर जितका उंच तितका अडथळा जास्त. कंपनसंख्या निम्मी झाली की अडथळा ढोबळमानाने ६ डेसिबलने घटतो. परिणामी ५०० कंपनांचा गायकाचा आवाज गाळ्यातच अडतो आणि ५० कंपनांचा ढोल स्लॅबमधून, खांबांतून वर चढतो. बारमध्ये गाणे असते, वर पोहोचतो तो केवळ ठोका. गाण्यावाचून उरलेला ठोका झोपमोड करतो, आणि ही झोपमोड होते ती बहुधा पहाटेची लोकल पकडणाऱ्याची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या रहिवाशाला 'मापक तर ठीक दाखवतो' असे सांगणे म्हणजे त्याच्या अनुभवाला खोटे ठरवणे होय. नियमांचा हेतू तसा नसला तरी परिणाम तोच होतो.

उपाय अशक्य नाहीत. खर्ज ध्वनिक्षेपक जमिनीवर न ठेवता रबरी आधारावर ठेवणे, दहानंतर ८० कंपनांखालील भाग छाटणे, एका मोठ्या पेटीऐवजी चार लहान पेट्या टेबलांजवळ लावणे, रस्त्याकडच्या दाराला दुहेरी कवाड करणे. यांतील पहिले तीन वाजवणाऱ्याच्या हातातले आहेत आणि त्यांना विशेष खर्च नाही. चौथा मालकाच्या मर्जीवर अवलंबून आहे.

वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या कानांविषयी मात्र कोणीच बोलत नाही. ८५ डेसिबलमध्ये ८ तास ही कामाच्या जागेसाठी सर्वसाधारण शिफारस केलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्यामुळे १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मनोरंजनस्थळांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपुढे जाऊ नये असा मानदंड दिला. तोही श्रोत्यांचा विचार करून. वाजवणारा तेथे आठवड्यातून पाच रात्री उभा असतो.

गाणे कोणाचे?

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रण लोकांपुढे सादर करण्याचा अधिकार त्याच्या स्वामीचा आहे. गाणे विकत घेतले किंवा मासिक वर्गणी भरून ऐकले म्हणजे ते बारमध्ये वाजवण्याची परवानगी मिळत नाही. एका गाण्यात किमान दोन थर असतात : ध्वनिमुद्रणाचा आणि त्याखालील शब्द-स्वररचनेचा. दुसऱ्या थरासाठी १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था परवाने देते. पहिल्या थरासाठी पीपीएल, नोवेक्स यांसारख्या कंपन्या पुढे येतात. नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नसताना अशा कंपनीला परवाने देता येतात का, यावर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये 'नाही' असे, तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये 'होय' असे उत्तर दिले. महाराष्ट्रातील बारमालकाला अर्थातच दुसरे उत्तर लागू पडते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वशुल्कातील वाटा दुसऱ्यास देऊन टाकता येणार नाही असा केला. म्हणून परवाना चुकवणे म्हणजे केवळ बड्या कंपनीला चकवणे, हे समर्थन तितकेसे टिकत नाही.

येथे एक मनोरंजक भेद आहे. अधिनियमाच्या कलम ५२ मधील एका अपवादानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात ध्वनिमुद्रण वाजवणे हा भंग ठरत नाही, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व विवाहाशी निगडित इतर सामाजिक उत्सव अंतर्भूत आहेत. म्हणजे तोच माणूस, त्याच पेट्यांवर, तेच गाणे शनिवारी वसईतील लग्नाच्या मांडवात वाजवतो तेव्हा परवान्याची गरज नसते. रविवारी बारमध्ये वाजवतो तेव्हा असते. ती जबाबदारी मुख्यतः जागेच्या मालकाची असते, परंतु तपासणीसाठी माणसे येतात तेव्हा त्यांना समोर दिसतो तो वाजवणारा.

नाच, वाद्यवृंद आणि यंत्र

महाराष्ट्रातील बारमधील संगीताला २००५ च्या नाचबंदीचा इतिहास चिकटलेला आहे. मुंबई पोलीस अधिनियमात ३३ अ आणि ३३ ब ही कलमे घालून त्या वर्षीच्या ऑगस्टपासून बारमधील नृत्यावर बंदी आली. तारांकित हॉटेले आणि जिमखाने मात्र वगळले गेले. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ती रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. एकच नृत्य श्रीमंतांच्या जागेत निर्दोष आणि सामान्यांच्या जागेत अनैतिक कसे, हा या निकालांच्या गाभ्याचा प्रश्न होता. सुमारे ७५ हजार स्त्रिया बेरोजगार झाल्याचा उल्लेख या खटल्यात आला. पुढे २०१४ ची दुरुस्ती आणि २०१६ चा स्वतंत्र अधिनियम आला. त्यातील अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ रोजी काढून टाकल्या.

मधल्या काळात नाचाची जागा वाद्यवृंदाच्या बारने घेतली. परवान्याच्या अटींनुसार मंचावर आठच कलावंत, चार स्त्रिया व चार पुरुष, असा दंडक होता; त्यातील लिंगनिहाय मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. ज्या १९६० च्या नियमांखाली असे परवाने दिले जातात त्यांच्या शीर्षकात कॅबरे, मेळे आणि तमाशे एका दमात येतात, ही गोष्ट मराठी रंगपरंपरेच्या अभ्यासकांना विचारात पाडणारी आहे.

लहान बारमालकाच्या दृष्टीने हिशेब साधा. आठ माणसांचा वाद्यवृंद, त्याचा परवाना, अटी आणि नित्याच्या तपासण्या एकीकडे. एक माणूस, एक संगणक आणि दोन पेट्या दुसरीकडे. नाचणारी गेली, मग ढोलकी-सिंथेसायझरवाले कमी झाले आणि कोपऱ्यात हा एकटा उरला. त्याच्या नोकरीमागे इतरांची गेलेली नोकरी आहे. हे त्यालाही ठाऊक असते, कारण त्यांच्यापैकी काही जण त्याचे गुरू असतात.

कायद्याच्या लेखी हा माणूस कोण, याचे उत्तर कॉपीराइट अधिनियमातील 'प्रयोगकर्ता' या संज्ञेच्या व्याख्येत शोधावे लागते. तीत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्याताही आहे. ध्वनिमुद्रिका वाजवणारा नावाने नाही. यादीच्या शेवटी 'प्रयोग सादर करणारी अन्य कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. त्यांत त्याला जागा मिळू शकते. पण तशी जागा मागायला न्यायालयात जाणारा वाजवणारा वस्तीतल्या बारमधून निघण्याची शक्यता कमी. दिवे लागल्यावर तो तारा गुंडाळतो, संगणक पाठीवर टाकतो, दिवसाची बिदागी रोखीने मोजून घेतो आणि वसई रोडच्या फलाटावर पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहतो. तिसऱ्या मजल्यावरचा रहिवासीही तीच गाडी पकडायला निघालेला असतो.